भुसा सांगतो ते ऐका

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



कविता लिहिणाऱ्या माणसानं रेडिओवर येऊन यंत्राविषयी बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. म्हणून या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी सांगतो. माझा जन्म मिरजेतल्या सुतारकाम करणाऱ्या मुस्लिम घरातला. घरात मी एकटाच बी.ए.पर्यंत पोचलो आणि शब्दांच्या नादी लागलो. थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या भाईजाननी, वडिलांचा रंधा हाती घेतला. दारं, खिडक्या, पाळणे, देवघरं, गिऱ्हाईक सांगेल ते त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं केलं. पुढे त्यांच्या मुलानं, माझ्या पुतण्यानं, बँकेचं कर्ज काढून कारखान्यात सीएनसी राउटर आणला. तेव्हापासून सवड मिळाली की मी तिथे जाऊन बसतो. तिथे जे पाहिलं आणि विचारून विचारून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

राउटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एका भक्कम टेबलावर लाकडाची फळी घट्ट बसवायची. टेबलावरून एक कमान पुढंमागं सरकते. कमानीवर एक मोटर असते, ती डावीउजवीकडं जाते आणि खालीवर होते. या मोटरीला स्पिंडल म्हणतात. तिच्या टोकाला पेन्सिलीपेक्षा जरा बारीक असं धारदार बिट बसवलेलं असतं. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी यंत्राच्या भाषेत उतरवली की बिट तिच्या रेषेरेषेवरून फिरतं आणि लाकूड कोरतं. पाहणाऱ्याला वाटतं, आता माणसाचं काम संपलं.

पण कॉम्प्युटरला नक्षी ठाऊक असते, लाकूड ठाऊक नसतं. टेबलावर सागवान आहे की एमडीएफ, फळी जुनी आहे की ओली, बिटाची धार शाबूत आहे की गेली, हे त्याला कळत नाही. ते कळणाऱ्या माणसाला दोन आकडे ठरवावे लागतात. पहिला आकडा बिटानं मिनिटाला किती फेरे घ्यायचे त्याचा. यंत्राच्या भाषेत तो 'एस' या अक्षरापुढे लिहितात. दुसरा आकडा बिटानं लाकडात मिनिटाला किती मिलिमीटर पुढं सरकायचं त्याचा. त्याला फीड म्हणतात आणि तो 'एफ'पुढे लिहितात. माझं आजचं सगळं बोलणं या दोन आकड्यांपुरतं आहे.

आधी थोडा हिशेब करू. शाळेतल्या गणिताच्या पलीकडचं त्यात काही नाही. ६ मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला १८,००० फेरे घेतं असं धरा. बिटाचा परीघ साधारण १९ मिलिमीटर. म्हणजे त्याची धार मिनिटाला सुमारे ३४० मीटर अंतर कापते. तासाचा हिशेब केला तर वीस किलोमीटर. घाईत निघालेल्या सायकलस्वाराचा हा वेग. यालाच कापण्याचा वेग म्हणतात. फेरे तेवढेच ठेवून १२ मिलिमीटरचं जाड बिट लावलं तर परीघ दुप्पट होतो आणि वेगही दुप्पट होतो. म्हणून बिट जितकं जाड, तितके फेरे कमी ठेवायचे असतात.

आता दुसरा हिशेब, आणि माझ्या मते हाच खरा. या बिटाला दोन धारा आहेत. १८,००० फेऱ्यांत लाकडाला ३६,००० घास लागणार. एका मिनिटात बिट ३,६०० मिलिमीटर पुढं सरकलं, तर प्रत्येक घास एक दशांश मिलिमीटरचा झाला. आपल्या ऑफिसातल्या साध्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. सागवानासाठी, ६ मिलिमीटरच्या बिटाला, सुरुवात करायला हा घास बरा. एमडीएफला तो थोडा मोठा चालतो. अॅल्युमिनियमला निम्मा किंवा त्याहून लहान घ्यावा लागतो. सूत्र एवढंच: फेरे गुणिले धारा गुणिले घास, की फीड मिळालं.

हे झालं कागदावर. कारखान्यात काय होतं, ते मी पाहिलं आहे.

२०१९ सालच्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर आमच्या भागातला माणूस विसरणार नाही. त्या पुरात एका निवृत्त शिक्षकांचं जुनं घर पडलं. ढिगाऱ्यातून त्यांनी सागवानाची एक तुळई तेवढी वाचवली. ती बरीच वर्षं एका शेडमध्ये पडून होती. नवं घर झाल्यावर त्या तुळईचं देवघर करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते भाईजानकडे आले. तुळई चिरली, किडलेला भाग काढून टाकला, तेव्हा दोन दारांपुरत्या फळ्या आणि वीतभर तुकडा एवढंच हाती आलं. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, हे लाकूड माझ्या आजोबांनी आणलेलं. यात चूक झाली तर पैसे देऊन दुसरं मिळायचं नाही."

दारांवर वेलबुट्टी कोरायची होती. पुतण्यानं आधी उरलेल्या तुकड्यावर चाचणी घेतली, ही त्याची चांगली सवय. फेरे १८,०००, फीड ३,६००. बिट लाकडात शिरलं तसा मोठा आवाज झाला आणि भाईजान दचकले. "हळू घे बेटा, हळू घे. गुरुजींचं लाकूड आहे." पुतण्यानं मान डोलावली. अशा यंत्रावर चालू कामात फीड कमीजास्त करण्याची सोय असते. त्यानं ते शंभर टक्क्यांवरून चाळीसवर आणलं. फेऱ्यांना हात लावला नाही. आवाज बदलला. खर्जातला भरदार सूर जाऊन एक किरकिरी शीळ सुरू झाली. थोड्या वेळानं जळक्या लाकडाचा वास आला आणि वेलीच्या कडेला तपकिरी डाग उमटू लागले.

"अब्बा, याहून किती हळू घेऊ?" पोरगा हताश होऊन म्हणाला. यंत्र थांबवलं. स्पिंडल पूर्ण थांबल्यावर भाईजान वाकले आणि खाचेत पडलेलं लाकूड त्यांनी चिमटीत घेऊन चोळलं. मग म्हणाले, "हा भुसा नाही रे, पीठ आहे. रंध्याची धार गेली की असंच पीठ पडतं. तुझं बिट लाकूड कापत नाही, नुसतं घासतंय."

भाईजान सूत्र शिकलेले नाहीत. पण त्यांच्या बोटांनी जे सांगितलं तेच सूत्र सांगत होतं. फीड चाळीस टक्के म्हणजे १,४४० मिलिमीटर. भागिले ३६,००० घास. प्रत्येक घास ०.०४ मिलिमीटरचा, कागदाच्या निम्म्याहूनही बारीक. कितीही तीक्ष्ण धार घेतली तरी भिंगाखाली तिचं टोक किंचित गोलच असतं, आणि वापरानं ते आणखी गोल होत जातं. घास त्या गोलाईच्या मानानं फार बारीक झाला की धार लाकडात शिरत नाही, त्याच्या अंगावरून सरपटत जाते. सरपटण्यातून उष्णता निर्माण होते. जाड ढलपी निघाली तर ती स्वतःबरोबर बरीचशी उष्णता घेऊन बाहेर पडते. पीठ तेवढी नेऊ शकत नाही. मग ती बिटात आणि लाकडात मुरते. बिट तापतं, तापलं की धार लवकर जाते, धार गेली की आणखी घासतं. एकदा हे चक्र सुरू झालं की मिनिटांत काम बिघडतं.

हळू म्हणजे सुरक्षित, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रस्त्यावर ते खरं आहे. पण राउटरवर फेरे तसेच ठेवून फक्त फीड कमी करणं, हा लाकूड जाळण्याचा सोपा मार्ग आहे. भीती वाटत असेल तर दोन्ही आकडे एकत्र कमी करावेत. पुतण्यानं मग तेच केलं. फेरे १२,०००, फीड २,४००. हिशेब करून पाहा, घास पुन्हा एक दशांशच. आवाज मवाळ झाला, खाचेतून बारीक, कुरकुरीत ढलप्या उडू लागल्या, वास आला तो ताज्या सागवानाचा. थांबल्यावर बिट नुसतं कोमट होतं. भाईजान काही बोलले नाहीत. त्यांनी पहिली फळी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवली.

घासण्यातून उष्णता येते, हे काही आपण आज शोधलेलं नाही. काउंट रम्फर्ड नावाचा एक गृहस्थ म्युनिकमध्ये तोफांच्या कारखान्याची देखरेख करत असे. तोफेला भोक पाडताना पितळ इतकं का तापतं, हा प्रश्न त्याला पडला. त्यानं मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, ते धातूवर जोरानं दाबून ठेवलं, घोड्यांच्या बळावर फिरवलं आणि भोवती पाणी भरलं. अडीच तासांनी ते पाणी, खाली विस्तव नसताना, उकळू लागलं. १७९८ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. उष्णता हा पदार्थात साठलेला द्रव नसून ती गतीतून निर्माण होते, या विचाराला त्यातून बळ मिळालं. भौतिकशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाला मोठं स्थान आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पाणी उकळायला त्याला हत्यार बोथटच लागलं. धारदार हत्यारानं धातू कापला असता आणि बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून गेली असती.

पुढे कापण्याच्या वेगाचं शास्त्र उभं केलं ते अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांनी. १८८० च्या सुमारास एका पोलाद कारखान्यात त्यांनी प्रयोगांना सुरुवात केली आणि ते जवळजवळ २६ वर्षं चालू ठेवले. १९०६ साली यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेपुढे त्यांनी आपला प्रबंध मांडला. तीस ते पन्नास हजार प्रयोगांची नोंद झाली होती आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला होता. कोणत्या वेगानं आणि किती फीडनं कापावं, हे ठरवताना बारा गोष्टी विचारात घ्याव्या लागतात, असं त्यांनी दाखवलं. धातूची कठीणता, हत्याराचं पोलाद, त्याचा आकार, कापाची खोली, हत्यार आणि काम यांची थरथर, अशा त्या गोष्टी. हे गणित तोंडी सुटणारं नव्हतं. म्हणून कार्ल बार्थ या त्यांच्या सहकाऱ्यानं त्यासाठी खास सरकपट्टी तयार केली.

टेलर यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. आज बिटाच्या डबीवर जो तक्ता छापलेला असतो, त्याचं मूळ त्या कष्टात आहे. पण त्यांच्या विचाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. आकडा ठरवण्याचं काम कारागिराकडून काढून ऑफिसात बसलेल्या माणसाकडे द्यावं, कारागिरानं फक्त सांगितलेलं करावं, अशी त्यांची धारणा होती. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी ती धारणा आपल्या लहान कारखान्यांतून गेलेली नाही. राउटर चालवणाऱ्या पोराला 'बटण दाबणारा' म्हणतात आणि पगारही बटण दाबण्याचाच देतात. यंत्र विकणाऱ्यानं पहिल्या दिवशी भरून दिलेले आकडे वर्षानुवर्षं तसेच चालू राहतात, मग टेबलावर सागवान असो, शिसव असो की प्लायवूड.

आता तक्ता का पुरत नाही, त्याची एकदोन उदाहरणं देतो.

गुरुजींच्या देवघराला वर एक जाळी होती. षटकोनांची, बारीक. तिला आकडे तेच होते, तरी नेमक्या कोपऱ्यांत डाग पडत होते. सरळ रेषा स्वच्छ आणि कोपरे काळे. याचं कारण तक्त्यात सापडत नाही. यंत्राची कमान जड असते. धावता बैल जागच्या जागी वळत नाही, तशी तीही वळत नाही. कोपऱ्याजवळ तिला मंद व्हावं लागतं, क्षणभर थांबावं लागतं. पडद्यावर फीड २,४०० दिसत असलं तरी त्या क्षणी ते शून्याजवळ असतं. स्पिंडल मात्र पूर्ण वेगानं फिरत असतं. म्हणजे कोपऱ्यात पुन्हा तेच घासणं. यावर उपाय नक्षीत होता. बिटाची त्रिज्या ३ मिलिमीटर असेल तर कोपऱ्याची गोलाई ४ मिलिमीटरची ठेवायची. मग बिट न थांबता वळसा घेऊन पुढं जातं. शिवाय पहिल्या फेरीत कडेला थोडं लाकूड राखायचं आणि शेवटच्या हलक्या फेरीत ते काढायचं. नक्षी काढणारा आणि यंत्र चालवणारा एकमेकांशी बोलले नाहीत, तर हा उपाय दोघांनाही सुचत नाही.

दुसरं उदाहरण खोलीचं. एका फेरीत बिटाच्या व्यासाएवढं खोल जायचं, हा साधा नियम. दुप्पट खोल जायचं तर घास पाऊणपट करायचा, तिप्पट जायचं तर निम्मा. बिट कॉलेटमधून किती बाहेर काढलं आहे, हेही पाहावं लागतं. लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोरानं ते आठपट वाकतं. म्हणून पुतण्या गरजेपेक्षा एक मिलिमीटरही जास्त बाहेर ठेवत नाही. आणि बिटाला धारा जास्त म्हणजे काम चांगलं, हाही गैरसमज आहे. अॅक्रिलिकला एकाच धारेचं बिट बरं. घास मोठा मिळतो, कीस बाहेर पडायला जागा राहते. नाहीतर अॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटतं. हलक्या यंत्रावर लाकडासाठीही कधीकधी एक धार उपयोगी पडते. कमान जोरात धावू शकत नसेल, तर धारा आणि फेरे कमी करून घास राखायचा.

यात फक्त लाकडाचं नुकसान असतं तर मी रेडिओवर येऊन इतकं बोललो नसतो. घासणाऱ्या बिटातून ठिणगीएवढा निखारा सुटतो आणि धूळ ओढणाऱ्या नळीतून थेट पोत्यात जातो. पोतं रात्रभर आतून धुमसत राहतं. सकाळी कारखाना जागेवर असेलच, याची खात्री नाही. म्हणून जळका वास आला त्या दिवशी पोतं रिकामं केल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हा आमच्या कारखान्यातला नियम आहे. पिठासारखी बारीक धूळ फुफ्फुसात जाते, ते वेगळंच. लाकडाच्या धुळीनं माणसाला कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. घास योग्य ठेवला की ढलपी जाड पडते आणि हवेत उडणारी धूळ कमी होते. धूळ ओढणारं यंत्र आणि तोंडावर चांगला मास्क तरीही हवाच.

मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. ती वाद्यं घडवणारी शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. हत्यार सोडून ती वाद्याकडे वळली, पण धारेची जाण त्यांनी बरोबर आणली. मला वाटतं, आज आपल्या तरुण कारागिरांना तसंच करायचं आहे. रंधा सुटेल, पण रंध्यानं हाताला आणि कानाला जे शिकवलं, ते सोडायचं नाही. आमच्या गावात विलंबित ऐकणारे जाणकार पुष्कळ. लय संथ झाली म्हणून गवयाला मधली जागा मोकळी सोडता येत नाही, सूर भरलेलाच असावा लागतो, हे ते सांगतील. राउटरवरही संथ जायला हरकत नाही, घास भरलेला हवा.

माझ्या पुतण्यानं आता एक वही केली आहे. लाकूड कोणतं, बिट कोणतं, धारा किती, फेरे, फीड, खोली, हे तो तारखेनिशी लिहितो. त्यापुढे भाईजाननी सांगितलेले दोन रकाने आहेत. आवाज कसा होता आणि भुसा कसा पडला. ही वही सरकपट्टीपेक्षा मोलाची आहे, कारण ती त्याच्या यंत्राची, आमच्या हवेची, इथल्या लाकडाची आहे. पावसाळ्यातले आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांपेक्षा वेगळे का, हे त्याला त्या वहीतूनच कळलं.

ज्यांच्या घरचा मुलगा अशा यंत्रावर काम करतो त्यांना माझी विनंती आहे की त्याला एक वही घेऊन द्या. ज्यांचा कारखाना आहे त्यांनी आकडे ठरवण्याचा अधिकार यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला द्यावा, चाचणीसाठी तुकडा आणि वेळ द्यावा, आणि त्या जाणिवेचे पैसेही द्यावेत. आणि ज्यांच्या घरात भाईजानसारखा जुना मिस्त्री आहे, त्यांनी त्याला यंत्रापासून दूर बसवू नये. खुर्ची जवळ ओढा आणि चिमूटभर भुसा त्याच्या हातावर ठेवून विचारा, कसा पडलाय?